मदत हवी आहे: जळगावातल्या टॉवरचा सुधारित आराखडा
नमस्कार मंडळी. खाली दुकानं, वर फ्लॅट असा टॉवर जळगावात करतोय. आराखडा तपासणाऱ्यांनी सांगितलं: रस्त्याकडची पार्किंगची बंद भिंत काढून तिथे दुकानं आणा, आणि टॉवर पोडियमच्या (खालच्या रुंद मजल्यांच्या) मागे घ्या. पहिलं मनापासून पटलं. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. दुकानांपुढे सलग सावली असली तरच दुपारी गिऱ्हाईक पायी येईल. अडलंय दुसऱ्यापाशी. मागे जागा अपुरी, त्यामुळे टॉवर आडवा फिरवावा लागतो आणि बेडरूम पश्चिमेच्या उन्हात येतात. ऊन अडवायला जिना-लिफ्ट पश्चिमेला नेली तर खालचे गाळे तुटतात. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीतली सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) सांभाळून कोणी हे सोडवलंय का? धुळे-भुसावळकडच्या अशा इमारतीचा नकाशा असेल तर फारच उत्तम.