मदत हवी आहे: साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा), दोन मुलं आणि उत्तर इटलीचे दहा दिवस

नमस्कार मंडळी,

आम्ही म्युनिकला राहतो. साबा-साबु मिरजेहून पहिल्यांदाच आमच्याकडे आलेत. १० सप्टेंबरला त्यांचं परतीचं विमान आहे. यंदा गणपती १४ला, आणि घरचा गणपती सोडून साबा जगात कुठेही थांबणार नाहीत, त्यामुळे ही तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. इथे बायर्न राज्यात मुलांना सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. म्हणून २८ला राखीपौर्णिमा घरी करून २९ ऑगस्टला, शनिवारी निघायचं आणि ८ सप्टेंबरला परत यायचं असं ठरवलंय. दहा रात्री.

नवऱ्याने एक्सेल शीट केली आहे: बोलझानो २ रात्री, गार्डा लेक १, व्हेरोना १, व्हेनिस २, बोलोन्या १ (जाता जाता रावेन्नाची मोझेइकं), मिलान २, कोमो १. प्रत्येक प्रवासाला वेगळा रंग दिलाय. शीट दिसायला फार सुंदर आहे. पण एका सकाळी सहा माणसांच्या चार बॅगा भरून, साबांची गुडघ्याची क्रेप बँडेज शोधून, धाकटीला शू करायला लावून बाहेर पडायला आम्हाला दोन तास लागतात, हा रकाना त्यात नाही.

माणसं अशी: साबु ७२, निवृत्त चित्रकला शिक्षक. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या मुलांना तीस वर्षं शिकवलं. 'द लास्ट सपर' (मिलानमधलं लिओनार्दोचं भित्तिचित्र) आणि जोत्तो (जुना इटालियन चित्रकार) हे त्यांनी कायम पुस्तकातल्या काळ्यापांढऱ्या छापांवरून दाखवले. स्वतःहून काही मागत नाहीत, पण या प्रवासाचं कळल्यावर एवढंच विचारलं, "मिलान वाटेत आहे का?" साबा ६८, गुडघे दुखरे, चढ जमतो पण उतार नको. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. श्रावण ११ सप्टेंबरपर्यंत आहे, म्हणजे ३१ ऑगस्ट आणि ७ सप्टेंबर असे दोन श्रावणी सोमवार प्रवासात येतात. मुलगा ११, मुलगी ६. त्यांना फक्त पाणी आणि आईस्क्रीम हवंय.

माझे प्रश्न:
यातलं काय गाळू? नवऱ्याला पटेल अशा कारणासकट सांगा.
गाडी न्यावी की ट्रेन? आमच्याकडे पाच सीटची गाडी आहे, म्हणजे तशीही मोठी भाड्याने घ्यावी लागेल.
सोमवारचं काय करू?
आणि मिलानचं काय? 'लास्ट सपर'ची तिकिटं आत्ताच मिळेनाशी झालीत.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

गाडी नको. शनिवारी आल्प्समधल्या ब्रेनर घाटाच्या रस्त्यावर तुम्ही सुट्टीचा पहिला दिवस आख्खा गाडीतच काढाल. त्यात ऑस्ट्रियाच्या बाजूला लुएग पुलाचं काम चालू आहे, २०२५च्या जानेवारीपासून तिथे बराच काळ एकच लेन सुरू असते. इटलीच्या जुन्या गावांत 'झेड टी एल' नावाचा प्रकार आहे: ठरावीक भागात परवान्याशिवाय गाडी घातली की कॅमेरा फोटो काढतो आणि दंड काही महिन्यांनी घरपोच येतो. आम्हाला एकाच गल्लीचे दोन आले, कारण रस्ता चुकून आम्ही त्याच गल्लीत परत फिरलो.

म्युनिकहून थेट ट्रेन इन्सब्रुक, ब्रेनर करत बोलझानोला सुमारे चार तासांत आणि व्हेरोनाला साडेपाच तासांत नेते. सहा जणांचं सीट रिझर्वेशन आत्ताच करा. पासपोर्ट हाताशी ठेवा. जाताना सहसा कुणी बघत नाही, पण येताना जर्मनीच्या हद्दीत पोलीस चढतात आणि साबांच्या पर्समधला पासपोर्ट तेव्हाच सापडत नाही.

प्रतिसाद

आधी नवऱ्यासाठी कारण. ४ ते ६ सप्टेंबरला मोन्झाला फॉर्म्युला वनची शर्यत आहे. मोन्झा म्हणजे मिलानला चिकटलेलंच गाव, तेव्हा त्या आठवड्यात मिलान आणि कोमोची हॉटेलं आभाळाला टेकतात. २ सप्टेंबरपासून व्हेनिसच्या लिडो बेटावर चित्रपट महोत्सव, म्हणजे तिथेही तेच. आणि ६ला, रविवारी, व्हेनिसमध्ये रेगाटा स्टोरिका असते. जुन्या वेशातल्या लोकांच्या होड्यांची मिरवणूक आणि शर्यती. बघायला झकास, पण त्या दुपारी ग्रँड कॅनालवरच्या बोटी बंद किंवा वळवलेल्या असतात. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या दिवशी जाऊ नये.

'लास्ट सपर'ची तिकिटं काही महिने आधी टप्प्याटप्प्याने सुटतात आणि लगेच संपतात. रद्द झालेल्या तिकिटांवर नजर ठेवून बसता येईल, पण पंधरा मिनिटांच्या दर्शनासाठी आख्खी सहल मिलानकडे वाकवू नका. साबुंना पादोव्याला न्या. तिथल्या स्क्रोवेन्यी चॅपलच्या चारही भिंती जोत्तोने १३०५च्या सुमारास रंगवल्यात. वर गडद निळं छत, त्यावर सोनेरी चांदण्या. आधी बुकिंग लागतंच. एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. आधी पंधरा मिनिटं काचेच्या खोलीत बसवतात, आतली हवा बिघडू नये म्हणून, आणि मग आत पंधरा मिनिटं. ज्या माणसाने जोत्तो काळ्यापांढऱ्यात शिकवला, त्याला तो निळा दाखवा हो.

आणि पादोवाहून व्हेनिस ट्रेनने अर्ध्या तासावर. राहायला पादोवा, बघायला व्हेनिस.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी बाकी सहमत, पण व्हेनिसमध्ये एक तरी रात्र राहावं असं माझं मत. संध्याकाळी सहानंतर दिवसाचे पर्यटक निघून जातात आणि गाव वेगळंच होतं. पुढे तुम्ही बघा. चारशेच्या वर पूल आहेत आणि जवळपास सगळ्यांना पायऱ्या. बॅगा घेऊन दोन पूल ओलांडले की नवरा-बायकोत पहिलं भांडण होतं, आमचं तिसऱ्यावर झालं.

डे ट्रिपच करणार असाल तर चोवीस तासांचा बोटीचा पास घ्या, एकेकट्या फेरीचं तिकीट फार महाग पडतं. स्टेशनसमोरच बोट मिळते. एक नंबरची बोट रमतगमत आख्खा ग्रँड कॅनाल दाखवत सान मार्कोला नेते. साबांना पुढच्या मोकळ्या सीटवर बसवा, व्हेनिस बसल्या बसल्या बघून होईल. गावात शिरण्याची फी आतापर्यंत एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशीच होती, तुमच्या तारखांना ती नसावी, तरी निघण्याआधी बघा. आणि डासांचं मलम न्या. मी गमतीत म्हणत नाहीये.

प्रतिसाद

खाण्याबद्दल लिहिते, कारण माझी आई अशीच.

पार्मेजानो आणि ग्राना पादानो ही दोन्ही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणारा पदार्थ) बनवतात, नियमच तसा आहे. त्यामुळे 'शाकाहारी' म्हणून आलेल्या पास्त्यावर, पेस्तोमध्ये, रिझोत्तोत (इटालियन मऊ भात) ते असतंच. रिझोत्तो बहुधा मांसाच्या पाण्यात शिजतो. तुम्ही किती कडक पाळता हे साबांनाच विचारा, माझ्या आईने "मला सांगू नका" असा मार्ग काढला. बिनधास्त खाता येईल असं: पिझ्झा मारिनारा (टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाहीच), भाजलेल्या भाज्या, पोलेंता म्हणजे मक्याच्या रव्याचं घट्ट पिठलंच, पण त्यात काय घातलंय ते विचारा. 'स्त्रुत्तो' शब्द दिसला तर ती डुकराची चरबी. व्हेरोनात मेन्यूवर 'कावाल्लो' दिसलं तर तो घोडा, मुलांना सांगू नका. तिरामिसूत अंडं असतं.

सोमवारसाठी: ऑगस्टअखेर अंजिरं, पीच, द्राक्षं, पुढे पुढे सफरचंदं. बाजारात ढीग असतात. फळांचं सोर्बेत्तो बिनदुधाचं असतं, उपासाला चालतं का ते तुमचं तुम्ही ठरवा, आमच्याकडे चाललं. साबुदाणा न्या, आदल्या रात्री भिजवा आणि स्वयंपाकघर असलेलं घरच भाड्याने घ्या. हॉटेलात बसलात तर बिलात माणशी 'कोपेर्तो' लागतो. ती टीप नाही आणि फसवणूकही नाही, बसण्याचे पैसे समजा.

प्रतिसाद

बोलझानोला दोन नाही, तीन रात्री द्या. गावातूनच रेनोनच्या डोंगरावर रोपवे जातो, बारा मिनिटांत वर. वर १९०७ सालची छोटी रेल्वे आहे, तिने पुढे जाऊन मातीचे सुळके बघायचे. साबांना फारसा उतार नाही, फक्त सुळक्यांच्या पॉइंटपर्यंत थोडं चालणं. बरेच हॉटेलवाले पाहुण्यांना बस-ट्रेन फुकट असलेला पास देतात, बुकिंग करताना विचारून घ्या. मुलाला एत्झी दाखवा: १९९१ मध्ये हिमनदीत सापडलेला पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा माणूस, बर्फाच्या खोलीत ठेवलाय, खिडकीतून बघायचा. धाकटीला मात्र आधी कल्पना द्या. डोंगरात दुपारनंतर वीज-पाऊस येतो, वरचं सगळं सकाळी उरका. भाषेची चिंता नाही, तुमचं जर्मन तिथे घरच्यासारखं चालेल. पहिल्या महायुद्धापर्यंत ते ऑस्ट्रियाच होतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. मोन्झाचं कारण बरोबर बसलं. नवऱ्याने शीट न बोलता डिलीट केली आणि नवी केली, तीही रंगीत.

आता असं आहे. २९, ३०, ३१ बोलझानो. पहिला सोमवार तिथे, रेनोनच्या छोट्या ट्रेनमध्ये. मग १ ते ४ व्हेरोना, स्टेशनजवळ भाड्याचं घर. तिथून एक दिवस गार्डा लेकच्या काठचं पेस्किएरा, लोकल ट्रेनने पंधरा मिनिटं, आणि बोटीने सिर्मियोने. मुलांना स्टेशनवरच्या फुकट बसमधून गार्डालँड या अम्युझमेंट पार्कला नवरा एकटा नेईल. हे त्याने आपणहून मान्य केलंय आणि मी स्क्रीनशॉट ठेवलाय. ५, ६, ७ पादोवा. रविवारी ६ला जोत्तो, सोमवारी ७ला डबा घेऊन व्हेनिस. ८ला परत. बोलोन्या-रावेन्ना गेलं, कोमो गेलं, मिलान गेलं.

व्हेरोनाच्या अरीनामध्ये (जुनं उघडं रोमन प्रेक्षागृह) साबांना ऑपेरा दाखवायचा विचार होता. पण दगडी पायऱ्यांवर बसायचं, रात्री नऊच्या सुमारास सुरू, मध्यरात्र उलटून संपणार, हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "मिरजेत आयुष्यभर गाणं ऐकलं, आता तुम्ही जा."

लोकल गाडीची तिकिटं कागदी घेतली तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छाप मारायची असते, हे एका मित्राने आत्ताच सांगितलं. कुणालाच कसं आठवलं नाही?

प्रतिसाद

आम्हाला दंड झाला होता, लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. मोबाइलवर घेतलंत तर त्यातच 'चेक-इन' करायचं. शुक्रवारी ४ला काही लांबचा बेत असेल तर संपाची बातमी आदल्या दिवशी बघा, इटलीत संपाला शुक्रवार आवडतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ काही लोकल गाड्या संपातही सोडाव्या लागतात.

धागाकर्ती

शुक्रवार व्हेरोनातच आहे, हरकत नाही. जोत्तोची तिकिटं काढली, रविवार सकाळी ११. साबुंना सांगितल्यावर ते काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र मुलाकडून त्याची ४बी पेन्सिल मागून घेतली आणि टोक करत बसले.

शेवटचा प्रश्न: आत बॅग नेता येत नाही हे वाचलं. पण हातात छोटी वही आणि पेन्सिल नेऊ देतात का? कुणी नेली असेल तर सांगा.