म्युझियम आहे की छंदवर्ग?

खडूफळा: मोठ्या मॉडर्न आर्ट म्युझियम्सचे कार्यक्रम बघतोय हल्ली. फॅमिली डे, गॅलरीत योगा, रात्री डीजे आणि आता टीनएजर्ससाठी फुकट आर्ट क्लास. अरे काय चाललंय? म्युझियमचं काम चित्रं जमवायची, जपायची, दाखवायची आणि त्यांचा अभ्यास करायचा. चित्रकला शिकवायला शाळा आहेत, क्लास आहेत. मूठभर पोरांना स्क्रीन प्रिंटिंग शिकवून बाकीच्या शहराला काय मिळालं? अहवालात हसरे फोटो छापून येतात, देणगीदार खूश, विषय संपला.

निळीशाई: "आणि आता" म्हणताय, पण यात नवीन काहीच नाहीये हो. न्यूयॉर्कचं मोमा (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) सुरू झालं १९२९ ला, आणि १९३७ ला त्यांनी व्हिक्टर डॅमिको नावाचा कलाशिक्षक घेतला, तो थेट १९६९ पर्यंत शिक्षण विभाग सांभाळत होता. १९४२ पासून तो मुलांसाठी आर्ट कार्निव्हल भरवायचा, त्याचं दार मुद्दाम लहान मुलाच्या आकृतीएवढं कापलेलं, म्हणजे आईबापांनी बाहेरच थांबायचं आणि "असं काढ, तसं काढ" करायचं नाही!! स्पर्धा आणि रंग भरायची पुस्तकं म्हटलं की त्याच्या डोक्यात तिडीक जायची. हाच कार्निव्हल पुढे साठच्या दशकात भारतातही आला होता. युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ ते ४८ वेगळं कला केंद्र चालवलं ते वेगळंच. तेव्हा हे जोडकाम वगैरे नाही, म्युझियमच्या पायातच आहे.

खडूफळा: डॅमिको माहितीये. पण २०२० ला कोरोनात त्याच मोमानं कंत्राटी शिक्षकांची कंत्राटं संपवली, तेही कळू द्या लोकांना. जे पायात असतं त्याच्यावर पहिली कुऱ्हाड पडते का कधी?

तिरकीरेघ: हे लॉजिक भारीये. शिक्षकांना काढलं म्हणून शिकवणं फालतू? म्हणजे उद्या पाणीवाल्याचा पगार थकला तर पाणी बिनकामाचं.

बिनफ्रेम: मी अशा एका वर्कशॉपमध्ये मदतनीस होतो म्हणून लिहितोय, नाव-गाव विचारू नका. गॅलरीत पेन बंदी, शाई बंदी, कोळसा बंदी, फक्त पेन्सिल. सॅक पाठीवर नाही, पुढे घ्यायची. घडीचं स्टूल उघडून बसायचं आणि एकाच चित्रासमोर बराच वेळ. पांढऱ्या रंगाच्या कॅनव्हासपुढे एक मुलगा म्हणाला, हे तर मी पण करेन. शिकवणारी म्हणाली, कर मग. स्टुडिओत त्याला पांढरा रंग, ब्रश, कॅनव्हास दिला. सपाट होईना, ब्रशचे ओरखडे दिसायला लागले, कड कुठे थांबवायची ते कळेना, वैतागला पार. नंतर परत त्याच चित्रापुढे गेला तर बघतोय काय, कॅनव्हासची कड आणि रंगाची जाडी. चित्र त्याला तरीही आवडलं नाहीच, पण का आवडलं नाही ते पहिल्यांदा नीट सांगता आलं. बाजूची पाटी वाचून हे होत नाही राव. आणि साध्या क्लासमध्येही होत नाही, कारण तिथे खरं चित्र भिंतीवर नसतं.

फाटकीवही: हे सगळं छान, पण त्या स्टुलावर बसतं कोण ते पण बघा ना. आधी फॉर्म, मग "मला कला का आवडते" यावर निबंध, मग शाळा सुटल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं. ज्याच्या घरी आधीच कलेची पुस्तकं आहेत त्याचाच नंबर लागणार. शाळा सुटल्यावर जी पोरं काम करतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात, त्यांच्यासाठी फुकट क्लाससुद्धा महागच पडतो.

निळीशाई: मान्य, म्हणून तर अमेरिकेत कितीतरी म्युझियम्स टीन कौन्सिलच्या, म्हणजे म्युझियमनं निवडलेल्या टीनएजर्सच्या गटातल्या, मुलांना मानधन देतात. मिनियापोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरनं असं कौन्सिल १९९६ लाच काढलं. कार्यक्रम मुलंच ठरवतात. वॉकर, न्यूयॉर्कचं व्हिटनी आणि अजून दोन म्युझियम्सनी मिळून जुन्या मुलांना गाठून अभ्यास केला, २०१५ ला आला. कितीतरी वर्षांनीसुद्धा ती मंडळी म्युझियममध्ये परकी वाटून घेत नाहीत.

खडूफळा: म्युझियमनंच म्युझियमला मार्क दिले, वा. आणि ती पोरं मुळातच ओढ असलेली, निवडून घेतलेली. ज्यांना घेतलं नाही त्यांचं पुढे काय झालं ते कोणी विचारलं?

फाटकीवही: हा पॉइंट बरोबर आहे. पण त्यावर उपाय म्हणून क्लास बंद नका करू, निबंध बंद करा, चिठ्ठ्या टाका. आणि एक दिवसाचे सेल्फी-इव्हेंट कमी करून तो पैसा वर्षभर चालणाऱ्या ग्रुपला द्या. एका दुपारी फुगे वाटून कोणाला बघायची सवय लागत नाही.

तिरकीरेघ: + मुलांना प्रदर्शनात एक भिंत द्या, काय लावायचं ते त्यांनाच ठरवू दे. प्रदर्शन ठरवणारे क्युरेटर याला राजी होतात का बघू, खरी परीक्षा तिथेच आहे.

खडूफळा: भिंतीला माझी हरकत नाही. फक्त ती तळघरात टॉयलेटच्या वाटेवरची नको, मुख्य हॉलमधली द्या. देतायत का विचारा, मग बोलू.