शेततळ्यातले मासे भर दुपारी वर येतायत, चुना टाकू का?

डाळिंबवाला_सांगोला: नमस्कार मंडळी. ३० × ३० मीटरचं, प्लॅस्टिक अस्तराचं शेततळं आहे. ओढ्याच्या पावसाळी पाण्यावर भरलेलं, सध्या २ मीटर पाणी. रोहू-कटला सोडलेत, शेंगपेंड आणि कोंडा घालतो. या आठवड्यात मासे वर येऊन तोंडं उघडतायत, रोज थोडे मरतायत. दुकानदार म्हणतो, ५० किलो कळीचा चुना टाका. टाकू का? जाणकारांनी सांगावं.

माणदेशी: ऑक्सिजन कमी पडतोय. रात्री शेवाळही ऑक्सिजन खातं, म्हणून पहाटे मासे वर येतात. मोटार लावून पाणी उंचावरून परत तळ्यात पाडा.

शिरगावची_मत्स्यकन्या: माणदेशीदादांचं पहाटेपुरतं बरोबर आहे. पण हे मासे दुपारी वर येतायत, आणि तेव्हा हिरव्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो. दादा, चुना आज अजिबात टाकू नका. आधी ताज्या मेलेल्या माशाच्या कल्ल्याचं झाकण उचलून रंग बघा. दुपारी तीनला पाणी तपासायच्या किटवर सामू (pH), अमोनिया, नायट्राइट तपासून इथे टाका.

डाळिंबवाला_सांगोला: ताई, कल्ले लाल नाहीत, तपकिरी आहेत. रक्त चॉकलेटी. सामू ८.८, अमोनिया १, नायट्राइट २.

शिरगावची_मत्स्यकन्या: मग दुखणं रक्तात आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातले क्षार सतत पाण्यात झिरपतात. ती तूट भरायला कल्ल्यातल्या पेशी पाण्यातून क्लोराइड ओढून घेतात, आणि नायट्राइट त्याच वाटेने आत शिरतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनचं लोह ते बदलून टाकतं, मग त्याला ऑक्सिजन धरता येत नाही. पाण्यात ऑक्सिजन असून मासा गुदमरतो. पाण्यात क्लोराइड वाढवलं की नायट्राइटची वाट अडते.

म्हणून उपाय साधं खडेमीठ. नायट्राइटच्या किमान दहापट क्लोराइड हवं, म्हणजे तुमच्याकडे लिटरला २० मिलिग्रॅम. मिठात क्लोराइड साधारण ६० टक्के, तेव्हा मीठ लागेल लिटरला ३३ मिलिग्रॅम. काठांचा उतार १:१ आणि तळं ३ मीटर खोल असेल तर तळ २४ × २४ चा, आणि २ मीटरला पाणी सुमारे १३.५ लाख लिटर (१८ लाख धरू नका). मीठ ४५ किलो. पिंपात विरघळवून काठाने सगळीकडे ओता. किटवर ‘नायट्राइट-नायट्रोजन’ लिहिलं असेल तर तुमचा आकडा ३.३ ने गुणून हिशोब पुन्हा करा. नवीन नायट्राइट शिरायचं थांबलं की एक-दोन दिवसांत रक्त सुधारू लागतं.

पेंड पूर्ण बंद, कारण अमोनिया-नायट्राइटमधलं हे सगळं नत्र तिच्यातूनच आलंय.

माणदेशी: आणि चुन्याने काय झालं असतं? आम्ही तर दरवर्षी टाकतो.

शिरगावची_मत्स्यकन्या: मासे सोडण्याआधी टाकत असाल तर ठीकच. पण मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतूनच बाहेर टाकतो. २५ अंशांना, सामू ७ असेल तर पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग शंभरात एकही नसतो. ८.८ ला तो पाव हिस्सा होतो, ९ ला तिसऱ्या हिश्शाच्या वर. कळीच्या चुन्याने सामू आणखी चढला असता आणि अंगातला अमोनिया अंगातच तुंबला असता. मला मिठापेक्षा या चुन्याचीच जास्त काळजी वाटत होती.

डाळिंबवाला_सांगोला: मीठ आजच आणतो ताई. पण हेच पाणी ठिबकने डाळिंबाला जातं, झाडांना त्रास?

शिरगावची_मत्स्यकन्या: एवढ्याने नाही. तुमच्या भागात बोअरच्या पाण्यातच याहून कितीतरी जास्त क्षार असतात. बोअरचं पाणी सोडलेलं असतं तर मी आधी क्लोराइड तपासायला सांगितलं असतं, मीठ लागलंही नसतं कदाचित. परवा दुपारी तीनलाच नायट्राइट पुन्हा बघा, आणि या वेळी पहाटेचा सामूही घ्या.