आईला घेऊन भूतान: तक्तसांगचा कड्यावरचा मठ झेपेल का?

ऑक्टोबरमध्ये आई (वय ६४) आणि मी, दोघीच. गाडी-गाइड आमचाच. आई दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढते. तक्तसांग जमेल?

↳ काकू नक्की चढतील! पण मठ ३,१२० मीटरवर, सिंहगडाच्या दुपटीहून उंच, दम लागतो. जवळच्या पारो गावात दोन दिवस राहून मगच जा. शेवटी पायऱ्या उतरून धबधब्यापाशी यायचं, परत चढायचं. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, ते बरंच. आत लोण्याच्या दिव्यांचा वास अजून माझ्या नाकात आहे.

↳ माणशी दर रात्री १,२०० रुपये भूतानचं पर्यटक-शुल्क धरा. मतदार ओळखपत्र घ्या, आधार चालत नाही.

↳ आईला वाचून दाखवलं. तिने बूट धुऊन गॅलरीत वाळत घातलेत.