आयजीव्हीत (जीनोम बघायचं सॉफ्टवेअर) बॅम आणि व्हीसीएफ जुळतच नाहीयेत

जीनवेडी: एमएस्सी बायोइन्फर्मेटिक्सला आहे, प्रोजेक्ट कॅन्सर सॅम्पल्सवर. आरएनए-सेकची (पेशीतला आरएनए वाचायची पद्धत) बॅम, म्हणजे जीनोमवर जुळवलेल्या रीड्सची (वाचलेल्या तुकड्यांची) फाइल, आमच्याच लॅबमधली, एचजी३८ (माणसाच्या रेफरन्स जीनोमची एक आवृत्ती) वर अलाइन केलेली, आणि व्हीसीएफ, म्हणजे व्हेरियंट्सची (डीएनएतल्या बदलांची) यादी, दुसऱ्या ग्रुपने पाठवली. टीपी५३ (क्रोमोसोम १७ वरचा, कॅन्सरशी संबंधित जीन) सर्च केलं तर रीड्स जीनवर बरोबर दिसतात पण टीपी५३ म्हणून लिहिलेला व्हेरियंट तिथे नाहीच, तो डावीकडे जवळपास ९७ हजार बेस लांब जाऊन बसलाय. बेडटूल्सने इंटरसेक्ट केलं (दोन्ही फाइलींतल्या सामाईक जागा शोधल्या) तर आउटपुट रिकामं. शुक्रवारी सरांना फिगर द्यायचीय, त्यापेक्षा सर्कोस (जीनोम गोलात काढायचं टूल) शिकू का?

कोडखाऊ: क्रोमोसोमची नावं बघ. एका फाइलीत नुसतं १७ आणि दुसरीत सीएचआर१७ असेल, नेहमीचंच दुखणं आहे हे.

रात्रपाळी: इंटरसेक्ट रिकामं येण्याला ते कारण असू शकतं, बेडटूल्सला नावं अक्षरश: सारखीच लागतात. पण आयजीव्ही माणसाच्या जीनोमला १ आणि सीएचआर१ आपोआप जुळवून घेतं, त्यामुळे चित्रातला घोळ त्याने होणार नाही. ९७ हजार वाचूनच कळलं, व्हीसीएफ एचजी१९ वरची, म्हणजे एचजी३८ च्या आधीच्या आवृत्तीवरची आहे. टीपी५३ तिथे ७५.७ लाखाव्या बेसच्या आसपास सुरू होतो, एचजी३८ वर ७६.७ लाखाच्या जवळ. बीसीएफटूल्सने व्हीसीएफचं हेडर (फाइलीच्या सुरुवातीची माहिती) काढ आणि क्रोमोसोम १ ची लांबी वाच, २४९२५०६२१ असेल तर एचजी१९, २४८९५६४२२ असेल तर एचजी३८.

जीनवेडी: २४९२५०६२१!! आणि नावंपण नुसती १, २ अशी आहेत, म्हणजे तुम्ही दोघंही बरोबर 😭 मग आता लिफ्टओव्हर (जागा एका आवृत्तीतून दुसरीत नेणं) मारू?

रात्रपाळी: मार, पण व्हीसीएफची बेड (नुसत्या जागांची फाइल) करून नको. साध्या लिफ्टओव्हरला फक्त जागा कळते, नव्या जीनोमवर त्या जागी रेफरन्स अक्षर तेच आहे का ते तो बघत नाही. पिकार्ड टूलमधलं लिफ्टओव्हर-व्हीसीएफ वापर, ते तपासतं आणि जे बसत नाहीत ते वेगळ्या फाइलीत टाकतं, ती फाइल उघडून बघ हं, सगळे फेकून देतात. त्या ग्रुपकडे फास्टक्यू (मूळ कच्च्या रीड्सच्या फाइली) असतील तर परत अलाइन केलेलं सगळ्यात बरं, पण शुक्रवारपर्यंत कुठलं व्हायला.

कोडखाऊ: आणि सर्कोस आत्ता नको. अख्ख्या जीनोममध्ये तुकड्यांनी इकडून तिकडे मारलेल्या उड्या दाखवायला ते छान, एका जीनसाठी गोल काढून काय करणार? आयजीव्हीतूनच एसव्हीजी चित्र सेव्ह कर, सरांना पुरेल.

जीनवेडी: पिकार्ड चालवलं, व्हेरियंट टीपी५३ च्या एक्सॉनवर (जीनच्या अंतिम आरएनएत राहणाऱ्या भागावर) आला एकदाचा. १४ रिजेक्ट झालेत, ते बघते.