फोमनं बेस अडत नाही
भिंतींना फोम लावूनही गाण्यातल्या बेसची, म्हणजे जड, खोल सुरांची, धमधम खालच्या घरात जाते, असं तुम्ही लिहिलंय. जाणारच. ४० हर्ट्झच्या, म्हणजे अशा खोल सुराच्या, ध्वनिलहरीची लांबी साधारण साडेआठ मीटर, २ इंची फोम तिला काय अडवणार? त्यानं खोलीतला घुमारा कमी होतो, एवढंच.

राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटात खरा फरक पडला तो सबवूफर (फक्त बेस वाजवणारा स्पीकर) कोपऱ्यातून हलवल्यावर. कोपऱ्यात बेस फुगतो. आता सबवूफर सोफ्याला लागून, माझ्यापासून हातभर अंतरावर आहे. इतका जवळ की आवाज बराच खाली आणूनही मन भरतं. खाली जाड रबरी चटई घातलीय, हादरा स्लॅबमध्ये कमी उतरतो.

एकदा गाणं चालू ठेवून खालच्या काकूंकडे बसून या. कुठली नोट त्रास देते ते तिथंच कळतं. इक्वलायझरवर (वेगवेगळ्या सुरांचा आवाज कमी-जास्त करायची सोय) तेवढीच खाली घ्या. रात्री १० नंतर मात्र हेडफोन.