चर्चा: शाळेतला समुपदेशक कॉलेजची वाट दाखवतो की अडवतो?

शंकासुर: शाळेतल्या समुपदेशकांचं उगाच कौतुक चाललंय. मूल पुढे शिकणार की नाही, हे घरची ऐपत आणि गुण ठरवतात. उलट 'हे तुला झेपायचं नाही, एखादा छोटा कोर्स बघ' असं यांनी एकदा सुनावलं, की मूल अर्जच करत नाही. कॉलेजने नाकारायच्या आधीच विषय संपतो.

पानगळ: प्रभाव नाही म्हणता आणि एका वाक्याने वाट लागते असंही म्हणता. एक काय ते ठरवा की! अमेरिकेत बऱ्याच शाळांत आडनावाच्या आद्याक्षरावरून समुपदेशक वाटून देतात. म्हणजे निव्वळ नशीब. याच वाटपाचा आधार घेऊन संशोधक क्रिस्टीन मल्हर्न यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या मुलांचा अभ्यास केला. चांगला समुपदेशक मिळालेली मुलं कॉलेजात जास्त जातात, आणि सगळ्यात जास्त फरक पडतो तो गरीब आणि कमी गुणांच्या मुलांना. तुमची 'ऐपत आणि गुण' तिथेच अडतात ना?

शंकासुर: आणि वाईट वाट्याला आला तर? आद्याक्षराला दोष द्यायचा?

खडूफळा: मी हे काम करते. अमेरिकेतल्या समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस आहे एकामागे २५० मुलं, प्रत्यक्षात सरासरी त्याहून बरीच वर. त्यात वेळापत्रकं, परीक्षेची कामं, शिफारसपत्रं. भविष्य घडवायला किंवा बिघडवायला मुळात वेळ कुणाला आहे?

हिशेबी: सल्ल्यापेक्षा हातभार कामाचा. २०१२ साली छापून आलेला एक प्रयोग आहे, तोही अमेरिकेतलाच. करविवरण भरायला आलेल्या पालकांना तिथल्या तिथे मुलाच्या शिक्षणासाठीच्या आर्थिक मदतीचा फॉर्म भरून दिला. पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षं पुरी करणारी मुलं २८ टक्क्यांवरून ३६ वर गेली. ज्यांना नुसती माहिती दिली, त्यांच्यात काडीचाही फरक नाही.

शंकासुर: वा! म्हणजे कारकून पुरतो. त्या प्रयोगात फॉर्म तर करविवरण भरून देणाऱ्यांनीच भरले, समुपदेशक होता कुठे?

खडूफळा: फॉर्म भरेल हो कारकून. पण 'वडिलांचं उत्पन्न' या रकान्यापाशी पोरगी पेन खाली ठेवते आणि म्हणते, बाबा घरी नसतात, काय लिहू? तेव्हा दार लावून घ्यावं लागतं. पुढची मुलं बाहेर ताटकळतात.

शंकासुर: हे मान्य. पण दार लावून घेणारे किती, आणि 'झेपायचं नाही' म्हणणारे किती?